बापूची जीप आणि गव्याचं वासरू

मित्रांनो, जंगली जनावरं बघायची असतील तर कुठं जायचं? तुम्ही म्हणाल, "हे काय विचारणं झालं? आफ्रिकेत!"

आम्हीही तेच म्हणायचो. सातवीत असताना बापू आणि मी एकाच बाकावर बसायचो. वर्गात जगाचा भला मोठा नकाशा टांगलेला होता. त्यातल्या आफ्रिकेवर बापूनं पेन्सिलीनं एक लांबलचक रेघ मारली होती आणि त्याबद्दल छड्याही खाल्ल्या होत्या. ती रेघ म्हणजे आमच्या सहलीचा रस्ता! टांझानियातलं सेरेंगेटी, तिथून केनियातलं मसाई मारा. दरवर्षी दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट या गवताळ रानांतून गोल फेरी मारतात. ते बघायला जायचं, तेही स्वतःची गाडी चालवत, असं आमचं पक्कं ठरलं होतं.

ती सहल काही झाली नाही. मी कराडलाच शिक्षक झालो आणि बापू शेती बघू लागला. पण १९९२ साली त्यानं एक जुनी जीप विकत घेतली. ती घेऊन माझ्या दारात आला आणि म्हणाला, "आरं मास्तर, आफ्रिकेला जाऊ तवा जाऊ. आपला कुंभार्ली घाट काय कमी हाय व्हय?"

तुम्ही नकाशात कराड शोधा बघू. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णा आणि कोयना इथं अगदी समोरासमोर येऊन भेटतात. तोच आमचा प्रीतिसंगम. कोयनेच्या कडेकडेनं पश्चिमेला निघालं की पाटण लागतं, मग कोयनानगर आणि पुढं कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. हा झाला शंभरेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत कोयनेचं रान आहे, त्याच्या दक्षिणेला चांदोलीचं. दोन्ही रानं १९८५ साली अभयारण्यं झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत या दोघांचीही नावं आली. म्हणजे बघा, आफ्रिकेच्या नादात आम्ही दारातला खजिनाच विसरलो होतो!

आता त्या जीपविषयी थोडं सांगतो. तिचा सेल्फ चालत नसे. म्हणून बापू ती नेहमी उतारावर लावायचा. उतार नसला तर मी खाली उतरून ढकलायची. डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरलेली असो की रिकामी. हॉर्न मात्र खणखणीत होता.

नाडीचा फॅनबेल्ट

मे महिना होता. चिपळूणहून आंब्याच्या बारा पेट्या घेऊन आम्ही कुंभार्ली घाट चढत होतो. मागं ओझं, वर ऊन आणि पुढं चढ. अर्ध्या घाटात इंजिनातून 'फटॅक्' असा आवाज आला आणि दोनच मिनिटांत बॉनेटमधून वाफ निघू लागली.

फॅनबेल्ट तुटला होता. इंजिनच्या पुढचा पंखा फिरवणारा रबरी पट्टा म्हणजे फॅनबेल्ट. जुन्या गाड्यांत रेडिएटरचं पाणी फिरवणारा पंपही त्याच्यावरच चालतो. तो तुटला की इंजिन चहाच्या किटलीसारखं उकळतं. मी घाईघाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर बापूनं माझा हात धरून मागं ओढलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, बरं का! आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

बापूचं डोकं भन्नाट. त्यानं पिशवीतल्या माझ्या पायजम्याची नाडी ओढून काढली आणि पट्ट्याच्या जागी घट्ट बांधली. इंजिन गार झाल्यावर आम्ही जीप उलटी उतारावर सोडून चालू केली. नाडी मोजून पाच सेकंद टिकली! तिचे तुकडे रस्त्यावर पडले आणि पायजमाही कामातून गेला. शेवटी चाकांना दगड लावून बापू खाली जाणाऱ्या एस.टी.त बसला आणि पट्टा आणायला चिपळूणला गेला. मी एकटाच जीपपाशी राहिलो.

पहिला अर्धा तास मी नुसता चरफडत होतो. एवढ्यात वरच्या झाडीतून कुणीतरी मोठमोठ्यानं हसलं. मला वाटलं, आपल्या फजितीला हसणारं कोण हे? पाहतो तर माणूस नव्हेच. करड्या रंगाचा, बाकदार मोठ्या चोचीचा एक पक्षी फांदीवर बसला होता. तो होता मलबारी राखी धनेश. त्याचा आवाजच तसा, खो खो हसल्यासारखा! या धनेशांची रीत मोठी गमतीची आहे. मादी झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. मग बाहेरून नर तिला आणि पुढं पिल्लांना फळं भरवत राहतो.

त्याला बघत असताना शेजारच्या झाडावर काहीतरी तांबूस हललं. ते होतं शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. अंगणातल्या खारीच्या कितीतरी पट मोठं आणि शेपूट तर अंगाहून लांब. मागच्या पायांनी फांदीला धरून ते उलटं लोंबकळलं आणि पुढच्या दोन पायांत फळ धरून आरामात खाऊ लागलं. खाऊन झाल्यावर त्यानं अशी काही उडी घेतली की मी 'अबब!' म्हणालो. मधली जागा जीपच्या लांबीहून जास्त होती. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचा सगळा प्रवास फांद्याफांद्यांवरून होतो. म्हणून मधली झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटतो.

बापू चार तासांनी आला. तोवर दोन वानरांनी मागून येऊन एक पेटी फोडली होती आणि शेकरू बघण्याच्या नादात माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं! बापू मला ओरडला, पण धनेशाची गोष्ट ऐकल्यावर गप्प झाला. म्हणाला, "इस-बावीस डाव ह्यो घाट चढलो आसंल मी. आसलं काय बी दिसलं न्हाय कधी."

वाट कुणाची?

दुसरी फजिती चांदोलीच्या वाटेवरची. १९९५ सालचा डिसेंबर होता. चांदोली तेव्हा अभयारण्यच होतं. वारणेवरचं धरण बघून आम्ही मणदूरहून आरळ्याकडं परत निघालो होतो. दिवस मावळायला आला होता. आणि चाक पंक्चर झालं!

"काळजी करू नगंस," म्हणत बापूनं स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. आदल्या आठवड्यात पंक्चर झालेलं चाक दुरुस्त करायचं तो साफ विसरला होता. आता दुधाचा टेम्पो येईल तेव्हाच सुटका. खांद्यावर घोंगडी टाकून चाललेले एक आजोबा आमची अवस्था बघून थांबले. "टेम्पो इस्तवर बसतो तुमच्या जोडीला," म्हणाले आणि मागच्या सीटवर चढून बसले.

थोड्या वेळानं डावीकडच्या ओढ्यातून काटक्या मोडल्याचे आवाज येऊ लागले आणि रस्त्यावर एक गवा आला. मग दुसरा, मग तिसरा. मित्रांनो, गवा म्हणजे काय जनावर आहे! पुष्कळ लोक त्याला 'गवा रेडा' म्हणतात, पण तो म्हशीच्या नाही, गाईच्या कुळातला. काळंभोर चकचकीत अंग आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. पुरा वाढलेला नर एक टनापर्यंत भरतो. म्हणजे आमची जीप आणि तो यांत जीपच हलकी ठरायची की काय, अशी मला धास्ती!

सात-आठ जनावरं आमच्यापुढून रस्ता ओलांडून उजवीकडच्या चढावर गेली. एक गाय मात्र रस्त्याच्या मधोमध थांबली. आमच्यापासून तीसेक पावलांवर. तिनं मान खाली घातली आणि जोरात फुत्कार टाकला. का, ते लगेच कळलं. तिचं तपकिरी वासरू ओढ्याच्या काठावर, आमच्या अगदी बाजूलाच राहिलं होतं. त्याची वाट नेमकी आमच्या जीपवरून जात होती.

माझ्या पोटात गोळा आला. जीपला दारं नव्हती. सेल्फ चालत नव्हता. आता खाली उतरून ढकलणार कोण? बापूचा हात हॉर्नकडं गेला. तेवढ्यात मागून आजोबांचा हळू आवाज आला.

"हारन वाजवू नगंस, पोरा. लायटी बी लावू नगंस. वाट तिची हाय, आपून मधी आलुया. गप बसायचं."

आम्ही गप्प बसलो. किती वेळ कोण जाणे! मला माझा श्वाससुद्धा मोठा वाटू लागला. गाय एकदा दोन पावलं पुढं आली, पुन्हा थांबली. तिच्या नाकातून निघणारी वाफ दिसत होती. शेवटी वासरानं धीर केला. जीपच्या मागच्या बाजूनं मोठा वळसा घालून ते टुणटुण उड्या मारत पलीकडं गेलं. गायीनं त्याला हुंगलं, आमच्याकडं एकदा पाहिलं आणि दोघं झाडीत दिसेनाशी झाली.

बापूनं कपाळावरचा घाम पुसला. डिसेंबरच्या थंडीत! आजोबा मात्र शांत. "हारन वाजवला आस्ता तर वासरू बुजून उलटं पळालं आस्तं, आन् ती आपल्या अंगावर आली आस्ती," एवढंच म्हणाले. मग टेम्पो आला, चाक आरळ्याला गेलं आणि रात्री साडेदहाला आमची जीप हलली.

गाडी चांगली होती

आता तिसरी गोष्ट. ही सांगायला मला जड जातं, पण सांगितलीच पाहिजे.

२०१२ साली बापूनं नवी कोरी गाडी घेतली. एका चावीत चालू होणारी. नोव्हेंबर संपत आला होता. चिपळूणचं एक लग्न आटोपून आम्ही रात्री परत निघालो. बापू दमला होता, म्हणून गाडी मी चालवत होतो. घाट संपला. हेळवाकच्या पुढं रस्ता मोकळा होता. काटा ऐंशीवर गेला. गाडी इतकी सुरेख चालत होती की वेग कळतच नव्हता.

उजेडात दोन हिरवट ठिपके चमकले. मी ब्रेक दाबला. चाकाखाली बारीकसा धक्का बसला.

"मांजार आसंल," बापू म्हणाला. मी काहीच बोललो नाही आणि थांबलोही नाही. दीड-दोन किलोमीटर आम्ही तसेच गेलो. मग बापूच म्हणाला, "मास्तर, वळव गाडी."

मांजर नव्हतं. उदमांजर होतं. बॅटरीच्या उजेडात त्याचं करडं-काळं अंग आणि लांब शेपूट दिसत होतं. अंग अजून ऊन होतं. बापूनं वाकून पाहिलं. आयुष्यभर गुरं पाळलेला माणूस तो, त्याला लगेच कळलं. "पाजती हाय," तो म्हणाला. म्हणजे जवळपास कुठंतरी, एखाद्या झाडाच्या ढोलीत, तिची पिल्लं वाट बघत होती. आम्ही तासभर बॅटरी फिरवली. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांना जागा सांगितली. पिल्लांचं पुढं काय झालं, ते कळलं नाही.

उदमांजर उंदीर खातं, फळंही खातं. भेरली माडासारख्या झाडांच्या बिया त्याच्या विष्ठेतून रानभर पडतात आणि रुजतात. म्हणजे रात्रपाळी करणारा माळीच तो. आणि आमच्या गाडीला? साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तुम्ही विचाराल, कसली एवढी घाई होती? कसलीच नाही. हेळवाकपासूनच्या वीसेक किलोमीटरच्या झाडीत मी ऐंशीऐवजी चाळीसनं आलो असतो, तर घरी पोचायला फक्त पंधरा मिनिटं जास्त लागली असती.

पंधरा मिनिटांचं गणित

चला, गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. समोर काहीतरी दिसल्यावर ते डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत निदान एक सेकंद जातो. म्हणजे २२ मीटर तर नुसते विचारातच गेले! त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात. एकूण झाले साठेक मीटर. आणि डिपरचा उजेड पडतो ढोबळमानानं चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे मला दिसलं तेव्हाच उशीर झालेला होता. वेग ४० असता तर? ११ मीटर विचारात, नऊ-दहा मीटर ब्रेकला. गाडी वीसेक मीटरमध्ये थांबली असती. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यावरचं अंतर निम्मं नाही, चौथाईवर येतं.

मग जनावर पळून का जात नाही? रात्री हिंडणाऱ्या पुष्कळ प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागं आरशासारखा एक थर असतो. त्यामुळं त्यांना अंधुक उजेडातही दिसतं आणि त्यामुळंच त्यांचे डोळे चमकतात. पण गाडीचा झगझगीत झोत अंगावर आला की ते दिपतात आणि जागच्या जागी थिजतात. आपल्याला वाटतं, "बघत उभं राहिलंय." खरं म्हणजे त्याला काहीच दिसत नसतं.

आमच्या लाडक्या आफ्रिकेत काय करतात, माहीत आहे? दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यान आहे. जवळजवळ वीस हजार चौरस किलोमीटरचं. तिथं लोक स्वतःची गाडी घेऊन सिंह-हत्ती बघत फिरतात. पण डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४०. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला दारं बंद, रात्री आपली गाडी रस्त्यावर आणायची नाही. आपल्याकडंही कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गावर २००९ साली रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंदी घालण्यात आली. आणि आपल्या पेंचच्या जंगलात, नागपूर-जबलपूर महामार्गावर, रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचलला आहे. वरून ट्रक जातात आणि खालून चितळ, रानडुकरं, अगदी वाघसुद्धा ये-जा करतात. तिथं लावलेल्या कॅमेऱ्यांत त्यांची छायाचित्रं मिळाली आहेत.

म्हणजे आजोबा जे म्हणाले, तेच मोठमोठ्या इंजिनिअरांनीही मान्य केलं. वाट त्यांची आहे, आपण मध्ये आलो आहोत.

आता बापूचा आणि माझा एक नियम आहे. झाडी सुरू झाली की काटा चाळीसच्या पुढं न्यायचा नाही आणि शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही. तो कंडक्टर! त्यानं रस्त्याच्या दोन्ही कडांवर नजर ठेवायची. डोळे चमकले की "थांब!" म्हणायचं. मग गाडी थांबवायची, उजेड मंद करायचा, हॉर्न वाजवायचा नाही आणि खाली उतरायचं नाही.

हे कंडक्टरचं काम तुम्हाला अगदी सहज जमेल. तुम्हाला गाडी चालवायला अजून वेळ आहे, पण मागच्या सीटवरून "बाबा, झाडी आली, हळू घ्या" असं म्हणायला लायसन्स लागत नाही! आणि वाटेत जखमी प्राणी दिसला तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना सांगून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लावा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच रस्त्यानं येत होतो. कंडक्टर बापू एकदम "थांब!" म्हणाला. रस्त्यावरून एक साळिंदर चाललं होतं. अंगावरचे काटे खळखळ वाजवत, कसलीही घाई नसल्यासारखं. आमच्या मागं एक गाडी येऊन थांबली आणि हॉर्न वाजवू लागली. बापूनं खिडकीतून हात बाहेर काढून तिला थांबायची खूण केली. साळिंदर पलीकडच्या गवतात पुरतं शिरेपर्यंत त्यानं तो हात आत घेतला नाही.

त्या रात्री घरी पोचायला उशीर झाला. भाकरी गार झाली होती. पण जेवण गोड लागलं.